गोष्ट सांगणारा किती दूर उभा आहे?

१९६७ साली न्यूयॉर्कच्या व्हायकिंग प्रकाशनाने 'द आउटसायडर्स' ही कादंबरी काढली. लेखकाचं नाव होतं एस. ई. हिंटन. ही सुझन हिंटन अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात राहत होती, पुस्तक आलं तेव्हा अठरा वर्षांची होती आणि बहुतेक लेखन तिने सोळाव्या वर्षी, शाळेत असतानाच केलं होतं. टोळ्या करून मारामाऱ्या करणाऱ्या पोरांची गोष्ट एका मुलीने लिहिली आहे म्हटल्यावर समीक्षक ती बाजूला सारतील, म्हणून मुखपृष्ठावर नुसती आद्याक्षरं छापली. ज्या वर्षी ती हे पुस्तक लिहीत होती त्याच वर्षी शाळेत सर्जनशील लेखनाच्या विषयात तिला 'डी' श्रेणी मिळाली होती. पुढे या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या, १९८३ साली फ्रान्सिस फोर्ड कोपोलाने त्यावर चित्रपट काढला, आणि कुमार कादंबरी हा वेगळा साहित्यप्रकार मानायला लागल्यावर त्याची सुरुवात बरेच जण याच पुस्तकापासून मोजू लागले.

अमेरिकेत बारा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी ग्रंथालयांमध्ये वेगळे कप्पे त्याआधीच झाले होते. तिथल्या ग्रंथालय संघटनेने या वयोगटासाठी स्वतंत्र विभाग १९५७ सालीच सुरू केला होता. कप्पा होता, पण त्यात ठेवायला त्या वयाचं जगणं खरेपणाने सांगणारी पुस्तकं फार थोडी होती. पुस्तक आलं त्याच वर्षी हिंटनने 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या ग्रंथ पुरवणीत एक लेख लिहून हीच तक्रार मांडली. शाळेतल्या नाचाला कोण कुणाबरोबर जाणार एवढ्यावर बेतलेल्या कादंबऱ्या तिच्यासमोर होत्या. तिच्या शाळेत मात्र श्रीमंत आणि गरीब वस्तीतल्या पोरांच्या टोळ्या एकमेकींवर धावून जात होत्या. तिच्या एका मित्राला शाळेतून घरी जाताना मार पडला, आणि त्या संतापातून लिहायला सुरुवात झाली.

कादंबरी लिहू पाहणाऱ्या माणसाला ही हकिकत भुरळ घालते, आणि थोडी फसवतेही. हिंटन त्या वयाची होती म्हणून तिला ते वय लिहिता आलं, असा निष्कर्ष चटकन निघतो. मग तिशी-चाळिशीतला माणूस हात आखडता घेतो आणि सतरा वर्षांचा मुलगा आपल्याला आपोआप जमेल असं समजतो. दोघांचाही अंदाज चुकतो, असं मला ठामपणे वाटतं. मराठीतली तीन पुस्तकं शेजारी ठेवून पाहिली की याचं कारण दिसतं.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तेव्हा ते ३३ वर्षांचे होते. प्रकाश नारायण संतांचा 'वनवास' हा लंपन या मुलाच्या कथांचा संग्रह १९९४ साली आला, तेव्हा संत ५७ वर्षांचे होते. मिलिंद बोकिलांची 'शाळा' २००४ सालची, आणि बोकील तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. वयाचा हिशेब लावायचा तर लहानपणाच्या सर्वांत जवळ साने गुरुजी असायला हवेत. प्रत्यक्षात सर्वांत दूर तेच उभे आहेत. त्यांचा श्याम मोठा झालेला आहे, आश्रमात रात्री मित्रांना आठवणी सांगतो आहे, अशा ४२ रात्रींची ती गोष्ट आहे. लहान श्याम हट्ट करतो, चुकतो, भितो. पण ते सांगणाऱ्याला त्या चुकीचा अर्थ आधीच कळलेला आहे, आणि आई आता नाही हेही ठाऊक आहे. प्रत्येक प्रसंगावर त्या जाणिवेची सावली आहे. पुस्तक वाचताना डोळे भरून येतात ते त्या सावलीमुळे. बोकिलांचा मुकुंद जोशी याच्या उलट आहे. तो नववीत आहे आणि नववीतच राहून बोलतो. त्याला आवडणारी शिरोडकर आज आपल्याकडे बघेल का, यापलीकडचं भविष्य त्याच्याजवळ नाही.

म्हणजे लेखकाचं वय आणि गोष्ट सांगणाऱ्याचं त्या प्रसंगापासूनचं अंतर या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलं आपल्या हातात नसतं. दुसरं लेखक निवडतो, आणि कुमार कादंबरी वाचताना लिहिणाऱ्याने सगळ्यात आधी तेच मोजायला शिकावं. नायकाचं वय चौदा आहे एवढ्याने पुस्तक कुमार कादंबरी होत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला त्या क्षणी जेवढं दिसतं, कळतं आणि सहन होतं तेवढ्याच जागेतून ती सांगितलेली असावी लागते. 'श्यामची आई' पिढ्यान् पिढ्या मुलांनी वाचली, ती थोर आहे, पण तिची जातकुळी आठवणीची आहे. 'शाळा' मौज प्रकाशनाने मोठ्यांची कादंबरी म्हणून काढली, तिच्यावर कुमार साहित्याचा शिक्का नव्हता, आणि तरी ती या प्रकाराच्या अगदी गाभ्यात बसते.

'द आउटसायडर्स'मधलं अंतर किती आहे? पोनीबॉय कर्टिस चौदा वर्षांचा आहे. आईवडील मोटार अपघातात गेलेत, दोन मोठे भाऊ घर चालवतात. त्याला वाचवताना त्याचा मित्र जॉनी श्रीमंत टोळीतल्या एका मुलाला भोसकतो, दोघे पळून जातात, पुढे आणखी मृत्यू होतात. हे सगळं झाल्यावर थोड्याच दिवसांत शाळेतले इंग्रजीचे शिक्षक त्याला निबंध लिहायला सांगतात, आणि आपण वाचत होतो तो तोच निबंध होता हे शेवटी कळतं. म्हणजे घडणं आणि सांगणं यांच्यात फार तर काही आठवडे गेले आहेत. जखम वाहायची थांबली आहे, खपली धरलेली नाही. थोरला भाऊ डॅरी आपला तिरस्कार करतो असं पोनीबॉयला अर्ध्या पुस्तकापर्यंत खरोखर वाटतं. वाचकाला डॅरीची काळजी पानापानात दिसत असते, पोनीबॉयला ती दिसत नाही. सांगणाऱ्याला जे कळत नाही ते वाचकाला कळवायचं, हे या प्रकारातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर काम आहे.

बोकिलांनी हेच काम आणीबाणीच्या बाबतीत केलं आहे. 'शाळा' घडते ती १९७५-७६ च्या आसपास. मुकुंदाला आणीबाणीचं राजकारण समजत नाही. नरूमामाचं बोलणं, घरातल्या मोठ्यांचे वाद, शाळेतला दरारा एवढंच त्याच्या कानावर आणि अंगावर येतं. लेखकाने कुठेही बाजूला नेऊन वाचकाला इतिहास शिकवलेला नाही. तरी त्या काळात माणसं किती दबून बोलत होती ते कळतं, कारण दबून राहणं मुकुंदाला शाळेतून नीट ठाऊक आहे.

या दृष्टीने वाचायचं तर पुस्तक दोनदा वाचावं लागतं. पहिल्यांदा वाचक म्हणून, थांबायचं नाही. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, आणि एकच गोष्ट शोधायची: सांगणाऱ्याला त्या क्षणी जे ठाऊक असणं शक्य नाही ते त्याने कुठे सांगितलं? चांगल्या पुस्तकात अशा जागा एक तर नसतात, नाहीतर लेखकाने त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. नवख्या हस्तलिखितात त्या पानोपानी सापडतात. "तेव्हा मला कुठे ठाऊक होतं, की" असं सुरू होणारं एक वाक्य नववीतल्या मुलाला क्षणात चाळीस वर्षांचा करून टाकतं.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक सापळा आपलं व्याकरणच लावून ठेवतं. आपल्याकडे सवय सांगणारा भूतकाळ फार गोड आहे: जायचो, बसायचो, खायचो, म्हणायची. बालपण लिहायला बसलं की हात आपोआप त्याच क्रियापदांकडे वळतो. "आम्ही दुपारी पाण्याच्या टाकीवर जाऊन बसायचो, पक्या घरून चिंचा आणायचा." वाक्य छान आहे, पण त्यात कुठलीही एक दुपार नाही. शंभर दुपारी कालवून एक केलेल्या आहेत, आणि अशा कालवलेल्या दुपारी फक्त मोठ्या माणसाजवळच साठलेल्या असतात. मुलाजवळ आजची दुपार असते. "टाकीवर गेलो तर पक्या आधीच बसलेला. चिंचा काढ म्हटलं तर म्हणाला, आज नाहीत." इथे लगेच प्रश्न पडतो की आज का नाहीत, आणि गोष्ट सुरू होते. आपल्या पहिल्या वीस पानांतली '-आयचो' आणि '-आयची' मोजून पाहावीत. ती फार असतील तर आपण कादंबरी न लिहिता आठवण लिहितो आहोत, असं समजायला हरकत नाही. आठवण लिहिणं वाईट नाही, पण ते आपण ठरवून केलेलं असावं.

इंग्रजीतल्या अलीकडच्या कुमार कादंबऱ्यांनी हे अंतर शून्यावर आणायचा प्रयत्न केला. सुझन कॉलिन्सच्या 'द हंगर गेम्स'मध्ये (२००८) सोळा वर्षांची कॅटनिस वर्तमानकाळात बोलते. जे घडतंय ते घडत असतानाच सांगते, त्यामुळे पुढच्या पानावर ती जिवंत असेलच अशी हमी क्रियापद देत नाही. त्या पुस्तकानंतर वर्तमानकाळाची लाटच आली. मराठीत सबंध कादंबरी वर्तमानकाळात चालवली तर ती बऱ्याचदा पटकथेसारखी वाटू लागते, असं मला वाटतं. आपल्याकडे साध्या भूतकाळातही पुरेशी जवळीक येते, तो त्या सवयीच्या भूतकाळात घसरू दिला नाही म्हणजे झालं.

पटकथेवरून वॉल्टर डीन मायर्सच्या 'मॉन्स्टर'ची आठवण होते. कुमार साहित्यासाठीचा प्रिंट्झ पुरस्कार २००० साली सुरू झाला, आणि पहिल्याच वर्षी तो या पुस्तकाला मिळाला. न्यूयॉर्कच्या हार्लेममधला सोळा वर्षांचा स्टीव्ह हार्मन तुरुंगात आहे. औषधांच्या दुकानातल्या दरोड्यात झालेल्या खुनात तो सामील होता असा आरोप आहे. त्याला चित्रपट करायची आवड आहे, म्हणून तो स्वतःच्याच खटल्याची पटकथा लिहितो, आणि मधूनमधून हाताने लिहिलेली रोजनिशीची पानं येतात. पटकथेत स्टीव्ह स्वतःकडे कॅमेऱ्यातून, दुरून पाहतो. रोजनिशीत तो भेदरलेला आहे. हे दोन आवाज आलटून पालटून ऐकताना आपल्या लक्षात येतं की हे अंतर त्या मुलानेच, सहन होत नाही म्हणून निर्माण केलं आहे. तो खरोखर दोषी होता का, हे पुस्तक संपेपर्यंत निखालस कळत नाही. अंतर हीच गोष्ट कशी होऊ शकते याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मायर्स तेव्हा साठी ओलांडलेले होते.

भाषेबद्दल नवे लेखक फार घाबरतात. आजची मुलं कशी बोलतात ते आपल्याला येत नाही, आणि आलं तरी दोन वर्षांत ते शब्द शिळे होतील, ही भीती खरी आहे. हिंटनच्या पोरांचे त्या काळचे शब्द आज अमेरिकन मुलांनाही समजावून द्यावे लागतात. तरी पुस्तक टिकलं, कारण पोनीबॉयची बोलण्याची एक स्वतःची तऱ्हा आहे. टोळीतला असूनही तो सूर्यास्त पाहणारा, पुस्तकं आणि सिनेमे मनात घोळवणारा आहे, आणि त्याचं बोलणं तिथून येतं. आपल्याकडे लंपन पाहावा. बेळगावकडच्या कन्नड वळणाच्या मराठीतून तो बोलतो. हे झालं त्याच्या प्रदेशाचं. पण ऊठसूट 'मॅडसारखं' म्हणणं, साध्या गोष्टीला हजारांतले मोठे नेमके आकडे लावणं, हे फक्त लंपनचं आहे. त्याच्या वर्गातली बाकीची मुलं तसं बोलत नसणार. पिढीची बोली उसनी आणण्यापेक्षा एका मुलाची खोड शोधून काढणं सोपंही आहे आणि ती खोड शिळी होत नाही.

मोठ्या माणसांचं काय करायचं, हा मराठी लेखकाचा खास प्रश्न आहे. अमेरिकन कुमार कादंबरीत आईवडील सोयीने गायब असतात. हिंटनने ते अपघातात मारले, इतरांनी कामावर, दूरच्या गावी किंवा दारूच्या आहारी पाठवले. कारण उघड आहे: मोठी माणसं हजर असली की ती प्रश्न सोडवतात आणि मुलाच्या हातून गोष्ट काढून घेतात. मराठी घरात हे करणं खोटं वाटतं. आजी ओट्याजवळ आहे, शेजारच्या काकू गॅलरीत आहेत, क्लासचे सर घरी फोन करू शकतात. अशा घरातल्या मुलाला एकांत मिळतो तो जागा शोधून. 'शाळा'तली मुलं बांधकाम अर्धवट राहिलेल्या एका इमारतीत जमतात. ती इमारत काढून टाकली तर अर्धी कादंबरी कोसळेल, कारण मुलांचं खरं बोलणं तिथेच होतं. संतांनी लंपनला आईवडिलांपासून दूर आजीआजोबांकडे ठेवलं. त्यामुळे घर माणसांनी भरलेलं राहिलं आणि तरी त्याच्या आत एक पोकळी राहिली. मराठी कुमार कादंबरीचा आराखडा करताना कथानकाआधी ही जागा ठरवावी, असं मी सुचवेन. गच्ची, बंद पडलेला कारखाना, एसटी स्टँडचा मागचा भाग, सायकलच्या दुकानाचा पोटमाळा, रात्री पांघरुणाखाली उजळलेला मोबाईल. मोठी माणसं जिथे पोचत नाहीत अशी एक जागा सापडली की मुलं आपसूक बोलू लागतात.

आणि शेवट. या वयाच्या वाचकाला आशा दिलीच पाहिजे, असं लेखकांना वारंवार बजावलं जातं. रॉबर्ट कॉर्मिएरची 'द चॉकलेट वॉर' १९७४ साली आली. कॉर्मिएर मॅसॅच्युसेट्समधला वार्ताहर होता. शाळेच्या निधीसाठी चॉकलेटं विकायला त्याच्या मुलाने नकार दिला, आणि त्या साध्या प्रसंगातून, नकार दिल्यावर काय काय होऊ शकलं असतं याचा विचार करत त्याने कादंबरी रचली. कादंबरीतला जेरी रेनो नकार देतो, शाळेतली गुप्त टोळी आणि तिला आतून पाठबळ देणारे शिक्षक त्याला चिरडतात, आणि जेरी जिंकत नाही. शेवट बदला, असं अनेक प्रकाशकांनी सांगितलं. कॉर्मिएरने बदलला नाही. पुस्तक शाळांमधून काढून टाकण्याच्या मागण्या पुढे अनेक वर्षं होत राहिल्या, आणि मुलं ते वाचत राहिली. या पुस्तकात 'मी' नाही. तृतीयपुरुषी निवेदन एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातं, तरी कुठेही मोठ्या माणसाचा समजूतदार आवाज आत शिरत नाही. म्हणून तो शेवट क्रूर असला तरी अप्रामाणिक वाटत नाही. त्या मुलांना तेव्हा जेवढं कळलं तेवढ्यावरच पुस्तक थांबतं. 'शाळा'च्या शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते आणि पुढे दहावी उभी असते. यातून मुकुंद काय शिकला, हे बोकील सांगत नाहीत. धडा काढायला लागणारं अंतर मुकुंदाजवळ अजून नाही, म्हणून तो काढला तर लेखक पकडला जाईल.

कॉर्मिएरची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. 'आय ॲम द चीज' (१९७७) या त्याच्या कादंबरीत एका पात्राचा दूरध्वनी क्रमांक छापला आहे. तो कॉर्मिएरच्या स्वतःच्या घरचा होता. वाचक मुलं खरोखर फोन करू लागली, आणि तो त्यांच्याशी बोलायचा. आपल्या वाचकांशी इतका सरळ संबंध ठेवणारा लेखक त्यांना उपदेश करायला जात नाही, यात मला नवल वाटत नाही.

आपल्याकडे या वयासाठी लिहिणाऱ्याची अडचण पुस्तकाच्या दुकानात सुरू होते. बालसाहित्याचा कप्पा संपला की पुढे थेट मोठ्यांच्या कादंबऱ्या येतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कितीही साहसं केली तरी वयाने वाढत नाही, आणि मालिकेच्या नायकाने तसंच असावं. पण तो वाचणारी मुलं वाढतात, आणि तेरा-चौदाव्या वर्षी त्यांना मराठीत पुढचं पुस्तक हातात देताना अडखळायला होतं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून चालू आहे, आणि लहान लेखनासाठी ती जागा मोलाची आहे. कादंबरीसाठी मात्र कप्पा नाही म्हणून थांबू नये. मार्क हॅडनची एका पंधरा वर्षांच्या मुलाने सांगितलेली कुत्र्याच्या खुनाची कादंबरी २००३ साली ब्रिटनमध्ये मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी अशा दोन वेगळ्या मुखपृष्ठांनी एकाच वेळी निघाली. आतला मजकूर एकच होता. मार्कुस झुसाकची 'द बुक थीफ' ऑस्ट्रेलियात मोठ्यांची म्हणून आली आणि अमेरिकेत कुमारांची म्हणून. कप्पा प्रकाशक ठरवतो. लेखकाने ठरवायचं ते अंतर.

पहिल्या पुस्तकाच्या यशानंतर हिंटनचं लेखन थांबलं. काही वर्षं तिला काहीच लिहिता येईना. तेव्हाचा तिचा मित्र, जो पुढे तिचा नवरा झाला, त्याने अट घातली: रोज दोन पानं लिहायची, मगच फिरायला बाहेर पडायचं. त्या दोन-दोन पानांतून १९७१ साली 'दॅट वॉज देन, धिस इज नाऊ' तयार झाली. तिचा निवेदक ब्रायन त्याच शहरातला, त्याच वस्तीतला. आणि त्याच्या गोष्टीत पोनीबॉय एक दुय्यम पात्र म्हणून येतो. पहिल्या पुस्तकात आपण ज्याच्यावर जीव टाकला, तो मुलगा ब्रायनला मुळीच आवडत नाही, कारण ब्रायनच्या आवडत्या मुलीला एकेकाळी पोनीबॉय आवडला होता. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नाही. दोघेही आपापल्या जागी, फार जवळ उभे आहेत. आपल्या कादंबरीची पन्नास पानं झाली आणि नायक गोडगोड वाटू लागला, तर त्याच्या वर्गातलं त्याला न सोसणारं एक पोर निवडावं आणि कालचाच प्रसंग त्याच्या तोंडून दोन पानं लिहून पाहावा. ती पानं पुस्तकात जाणार नाहीत, पण एक्कावन्नाव्या पानावर नायक वेगळा बोलू लागेल.